संध्याकाळची भूपाळी

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे करायचे ठरले आणि हैदराबाद शहरातल्या तारघरात नुसती झुंबड उडाली. कुणाची बदली नांदेडला, कुणाची गुलबर्ग्याला. आज हुकूम यायचा, उद्या फिरायचा, आणि सगळं तारेनं! बरकतपुऱ्यात राहणारे केशवराव तिथे तारमास्तर होते. त्यांची ड्युटी आज सकाळची, परवा रात्रीची, मग दुपारची, अशी गरगरा फिरू लागली.

महिन्याभरात माणूस तरंगायलाच लागला. उगाच हसू फुटायचं. एकदा कोठीच्या बाजारात सायकलवर गेले आणि चालत परत आले. सायकल दुसऱ्या दिवशी आठवली. थोरल्या मुलीला धाकटीच्या नावानं हाक मारायचे, धाकटीला बायकोच्या.

एके दिवशी रात्रीची ड्युटी करून आले आणि दुपारी उशिरा कसेबसे झोपले. जाग आली तेव्हा खिडकीत तांबूस उजेड होता. ताडकन उठले, गार पाण्यानं अंघोळ केली आणि देवापुढे बसून खणखणीत भूपाळी सुरू केली. त्यांच्या पत्नी मालनबाई भाकरी थापत होत्या. त्या तशाच पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"अहो, हे काय चाललंय?"

"पहाट झाली! मुलींना उठवा."

मुली अंगणात लंगडी खेळत होत्या. कुंपणापलीकडून शेजारचे ख्वाजामियाँ म्हणाले, "क्या मास्टरसाब, शाम हो गई, मगरिब की अजान होरी, आप देवाँ को जगा रैं?"

केशवरावांनी आभाळाकडे पाहिलं. उजेड वाढायचा सोडून विझत चालला होता! ते जे हसत सुटले, ते पाटावरच आडवे झाले. मुली लोळल्या. मालनबाईंच्या नाकाला पीठ लागलं, तशी पुन्हा सगळी खिदळली.

हसता हसता केशवरावांनी विचारलं, "आज सोमवार ना?"

"गुरुवार," मालनबाई म्हणाल्या, आणि त्यांचं हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला कोठीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तपासलं. "मेंदू ठणठणीत आहे. पण दिवस-रात्रीचा अंदाज शरीर आपला आपण धरतं, आणि तो बसायच्या आत तुम्ही मोडताय. झोपेत डोकं दिवसभराचं सगळं जागच्या जागी लावतं. त्याला सवड द्या."

केशवराव साहेबांकडे, अप्पारावांकडे गेले.

"इथे राज्य मोडतंय, आणि नामदेवराव, तुम्हाला झोपेची पडलीय?"

"साहेब, मी केशवराव."

अप्पाराव थबकले. मग त्यांनी हातातल्या टाकाकडे पाहिलं. तो दौतीऐवजी चहाच्या कपात बुडवलेला होता. दोघंही इतके हसले की शिपाई डोकावून गेला. सोमवारपासून प्रत्येकाला महिनाभर एकच ड्युटी लागली.

केशवरावांना सकाळची मिळाली. पंधरवड्यात वार, नावं, तारांचे मजकूर, सगळं डोक्यात नीट बसू लागलं. एका रविवारी ते मालनबाईंना मॅटिनीला घेऊन गेले. परतताना टांग्यात त्यांनी पिक्चरची अख्खी गोष्ट, गाण्यांसकट, पहिल्यापासून सांगायला घेतली.

"अहो, मीही तिथेच होते की!" मालनबाई म्हणाल्या.

केशवराव ऐकतात कशाला! काचीगुडा स्टेशन मागे पडलं तरी त्यांचं मध्यंतर व्हायचं होतं.