हात हातात घ्यायला

इथे परदेशात, हॉर्नबी उपनगरातल्या आमच्या घराच्या आणि शेजारच्या घराच्या मधे एकच लाकडी कुंपण आहे. पलीकडे एक आयरिश आजोबा एकटे राहतात. वय ऐंशीच्या आसपास. कानांनी कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा रेडिओ आमच्या ओट्यापर्यंत पोचतो. आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "हे रोज सकाळी काय ऐकतात गं? बातम्या नाहीत, गाणी नाहीत. एक बाई नुसती नावं वाचत असते."

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं शेजारी राहून मी कधी विचारलंही नव्हतं. त्या शनिवारी कुंपणाशी गाठ पडली तेव्हा विचारलं.

"निधनवार्ता," ते म्हणाले. "आयर्लंडमधल्या आमच्या भागातलं स्टेशन आहे, इंटरनेटवर लागतं. कोण गेलं, कुठल्या गावचं, घरी भेटायला कधी यायचं, दफन किती वाजता, सगळं सांगतात. रोज. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा इथे सकाळचे पावणेसात."

रेडिओवर रोज मेलेल्यांची नावं? मी चकितच झाले. आईला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. "आपल्याकडे चौकातल्या फळ्यावर लिहितात तसं," ती म्हणाली. "पण इतक्या लांब बसून ऐकायचं म्हणजे..."

आजोबा विशीत असताना आयर्लंडच्या पश्चिमेकडून इथे आले, ते दक्षिणेतल्या डोंगरात बोगदा खणायच्या कामावर. दोन वर्षांसाठी म्हणून आले होते.

आईचं आणि त्यांचं जमलं ते चहावरून. इथली माणसं 'नो थँक्स' म्हणाली की विषय संपतो, हे आईला पटत नसे. "अगं, पहिल्यांदा कोण हो म्हणतं?" असं तिचं म्हणणं. आजोबा टपालात चुकून त्यांच्याकडे गेलेली आमची पत्रं द्यायला आले, तेव्हा तिने चहा विचारला. ते म्हणाले, नको. तिने पुन्हा विचारलं. ते म्हणाले, उगाच त्रास नको. तिसऱ्यांदा ती मराठीतच म्हणाली, "घ्या हो, घोटभर." ते खुर्ची ओढून बसले. नंतर त्यांनी मला सांगितलं की त्यांच्याकडे लगेच हो म्हणणं असभ्य समजतात, आणि यजमानाने एकदाच विचारून गप्प बसणं त्याहून असभ्य. पन्नासहून जास्त वर्षांत इथे त्यांचे कितीतरी चहा हुकले होते.

मग ते अधूनमधून येऊ लागले. मी दुभाषी. आईने एकदा बागेत सापांची चौकशी केली. ते म्हणाले, इथेही नाहीत आणि आयर्लंडमध्येही नाहीत, आपण उभ्या जन्मात मोकळा साप पाहिलेला नाही. आईने न्हाणीघरात निघालेल्या नागाची हकीकत सांगितली, तेव्हा ते लहान मुलासारखे पाय वर घेऊन बसले. माझी मुलगी हसून हसून लोळली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. मिरजेहून मावसभाऊ होता; तिकडे आदल्या रात्रीचे अकरा. मावशी गेली. तासाभरापूर्वी जेवून उठली, आणि बसल्या जागी गेली. "ताई पुण्याहून निघालीय," तो म्हणाला. "सकाळी आठला नेऊ. अक्कामावशीला सांग."

मी आईला सांगितलं. मावशी तिच्याहून चार वर्षांनी लहान. आई उठली, डोक्यावरून आंघोळ करून आली, आणि ओले केस तसेच सोडून बाहेरच्या खोलीत बसली. जायचं म्हटलं तरी दोन दिवस लागणार. भावाने विचारलं होतं, व्हिडिओवर दाखवू का? आई म्हणाली, "नको. एवढ्याशा फोनमध्ये तिला नको बघायला."

घरात काय करायचं ते कुणालाच कळेना. मिरजेत असतं तर आतापर्यंत दार उघडं राहिलं असतं, बायका आत-बाहेर करत असत्या, कुणी पिठलं-भात आणून ठेवला असता. इथे समोरच्या घरी लॉनमोवर चालू होता. दुपारी मी आजोबांना मेसेज केला, तो फक्त एवढाच की आईची बहीण गेली, आज चहाला येऊ नका.

तीन वाजता दारावर टकटक झाली. आजोबा काळ्या सुटात उभे होते. टाय बांधलेला, बूट चमकवलेले, हातात सँडविचेसचं ताट. ते आत आले आणि सरळ आईसमोर गेले. तिचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "आय अ‍ॅम सॉरी फॉर युवर ट्रबल." मग माझा हात घेतला, तेच शब्द. नवऱ्याचा. मग खाली वाकून माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचाही, तितक्याच गंभीरपणे.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"तुमच्यावर जे आलंय त्याचं वाईट वाटतं, म्हणाले."

आईने मान हलवली. आजोबा बसले. म्हणाले, "फोटो आहे का?"

मी फोनमधला फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडे गेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत. घरातच, बसायच्या खोलीत, शवपेटी उघडी ठेवतात. खिडकी उघडतात, आरसा झाकतात. सगळा गाव येऊन घरातल्या प्रत्येकाचा हात हातात घेतो, ज्यांनी त्या माणसाला कधी पाहिलं नाही तेसुद्धा. चहा होतो, खाणं होतं. मग गोष्टी निघतात, आणि माणसं हसतातही. "त्यांना विचार," ते मला म्हणाले, "बहीण कशी होती?"

मला हे आईला विचारणं जड गेलं. पण विचारलं. आई एकदम म्हणाली, "लबाड होती."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. दोघी शाळेत असताना कीर्तनाला जातो सांगून सिनेमाला गेल्या होत्या. बेत मावशीचा. मध्यंतरात दिवे लागले तर पुढच्याच रांगेत वडील बसलेले. दोघींना घाम फुटला. वडिलांनी मागे वळूनही पाहिलं नाही. शेंगदाण्याच्या दोन पुड्या खांद्यावरून मागे दिल्या आणि म्हणाले, "घरी सांगा, कीर्तन छान झालं. मीही तिथेच होतो."

मी इंग्रजीत सांगेपर्यंत आईच हसायला लागली होती. आजोबा मोठ्याने हसले. माझी मुलगी, जी मराठी समजत असूनही इंग्रजीतच उत्तर देते, म्हणाली, "अजून सांग ना, आजी." मराठीत. आईचं हसणं कधी रडण्यात गेलं ते कळलं नाही. साडेतीन वाजले होते, मिरजेत आठ. मावशीला नेत असतील, हे आईलाही ठाऊक होतं. आजोबा तिच्या शेजारी नुसते बसून राहिले.

निघताना दारात मी त्यांचे आभार मानले. ते म्हणाले, "माझी आई गेली तेव्हा मी बोगद्यावर होतो. पत्र आलं तोवर तिला पुरून तीन आठवडे झाले होते. मुकादम भला माणूस, म्हणाला, आज सुट्टी घे. पण सुट्टी घेऊन कुठे जाऊ? कँपवर आमच्या भागातलं कुणीच नव्हतं. मी परत आत गेलो आणि खणत राहिलो." टोपी घालत ते पुढे म्हणाले, "म्हणून आलो."

आई मार्चमध्ये परत गेली, ठरल्यापेक्षा लवकर. "आता तिथे असायला हवं," एवढंच म्हणाली. तिला सोडून घरी आले तर ओट्यावर तिने चिरून ठेवलेली गवार होती.

यंदा डिसेंबरात मी मिरजेला गेले. मावशीच्या घरी गेले, तिच्या तुळशीला पाणी घातलं. तिचं कपाट उघडलं तर साड्या वाटून झाल्या होत्या, वास मात्र तसाच. संध्याकाळी गल्लीतून निघाले, तर कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काकू ओरडल्या, "अगंबाई, तू! कधी आलीस? कधी जाणार?" मी हसून उत्तर दिलं. पण ते दोन प्रश्न घेऊन मी आईच्या घरापर्यंत चालत आले, आणि दारात थोडी थांबले.

परतल्यावर हे आजोबांना सांगितलं. ते बटाट्याच्या वाफ्यात गुडघ्यावर बसले होते. हातातलं खुरपं खाली ठेवून ते म्हणाले, "आमच्याकडेही हेच विचारतात. 'वेलकम होम', आणि त्याच श्वासात, 'परत कधी?' शेवटचा गेलो होतो तेव्हा पावाच्या दुकानातल्या बाईने विचारलं. मी म्हणालो, मंगळवारी. ती म्हणाली, मग अजून वेळ आहे की!"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी एक पाव जास्त घेतला," ते म्हणाले, आणि मातीतून बटाटे काढून माझ्या ओंजळीत ठेवू लागले.