तीन बाल्कन्या आणि एक कादंबरी

लॉकडाऊनच्या पहिल्या वसंतात माझी डचची परीक्षा बेमुदत पुढे गेली आणि मला शाळेला सुट्टी लागल्यासारखं झालं. बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत नवऱ्याच्या मीटिंगा चालायच्या, म्हणून मोठ्यानं वाचायचा सराव मी बाल्कनीत करायचे. रस्त्यावरच्या फुकट पुस्तकांच्या पेटीत एक जुनी कादंबरी मिळाली होती. अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्धची, सोप्या डचमध्ये.

पहिल्याच पानावर घोटाळा झाला. 'स्लाफ' म्हणजे गुलाम. माझा फ ओठ मिटून काढलेला, मराठी. ऐकणाऱ्याला तो 'स्लाप' वाटला, म्हणजे झोप. मालकानं बाजारात एक धडधाकट झोप विकत घेतली, असं मी खणखणीत आवाजात वाचलं.

शेजारच्या बाल्कनीतले आजोबा एरवी मान वर करत नसत. ते कॉफी सांडेपर्यंत हसले. वरूनही हसू आलं. वर राहणाऱ्या बाई निवृत्त नर्स होत्या, मूळच्या सुरिनामच्या, डचांच्या जुन्या वसाहतीतल्या.

"दात खालच्या ओठावर टेकवा," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते खुर्ची टाकून हजर. वर बाईही. कित्येक आठवडे नवरा सोडून कुणाशी धड बोलले नव्हते, आणि आता मला चक्क श्रोते होते! मी केस विंचरून, कानात झुमके घालून वाचायला बसू लागले. नवरा म्हणाला, "अगं, बाल्कनीतच निघालीस ना?"

आजोबांनी मात्र बजावलं होतं, "मी उच्चारांसाठी ऐकतोय. ते गुलामगिरीचं सगळं झालं गेलं. उकरायचं कशाला?"

मग लिलावाचं प्रकरण आलं. आई एकाला विकली गेली, मूल दुसऱ्याला. मी तीन शब्द चुकले, आजोबांनी एकही सुधारला नाही; ते डोळे पुसत होते.

"असली पुस्तकं इथे आली तेव्हाही लोक असेच रडले होते," वरून बाई म्हणाल्या. "परक्या देशातल्या गुलामांसाठी. मग काहींनी विचारलं, आपल्या सुरिनामचं काय? तिथून वारं फिरू लागलं. तरी गुलामगिरी बंद करणारा कायदा व्हायला वर्षं गेली."

"आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलं नाही," आजोबा म्हणाले.

"पण या पुस्तकातले गुलाम फार गरीब गाय आहेत. माझी खापरपणजी मळ्यातून दोनदा पळाली होती."

आजोबांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "ती गोष्ट सांगाल?"

"उद्या. चार वाजता."

दुसऱ्या दिवशी आजोबा टाय बांधून आले. बाई कठड्यावर रेलून दोन तास बोलल्या. खापरपणजी दलदलीतून कशी गेली, परत पकडून आणणाऱ्याला कशी चावली. मला निम्मंच डच कळलं, तरी मी टाळ्या वाजवल्या. आजोबा मधेच विचारत, "आणि मग?"

जुलैच्या पहिल्या दिवशी, सुरिनाममधली गुलामगिरी संपल्याचा दिवस असतो तेव्हा, त्या वर्षी गर्दीला बंदी होती. कार्यक्रम टीव्हीवर होता. आजोबांनी आपला टीव्ही ओढत बाल्कनीच्या दाराशी आणला आणि आवाज पुरता वाढवला. ढोल सुरू झाले तसे आजोबा आदरानं उभे राहिले, मीही. वरून बाई मोठ्यानं गाऊ लागल्या, खाली मी मिळेल तो शब्द पकडून सूर लावला.

नवरा हेडफोन काढत बाहेर आला. "काय चाललंय काय?"

आजोबांनी त्यालाही खुणेनं उभं राहायला सांगितलं.