नको म्हटलेली चपाती

एकोणीस वर्षांपूर्वी रोह्याच्या स्टेशनावर आईने माझ्या हातात तांदळाच्या पिठाची पिशवी दिली आणि विचारलं, "तिकडं भात भेटंल ना गो?" नवरा धाटावच्या कारखान्यातली नोकरी सोडून पानिपतच्या एका कंपनीत चालला होता आणि दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन मी त्याच्यामागे. वरसे गावातल्या आमच्या आळीने यथेच्छ थट्टा केली होती. पानिपतावर चाललात, परत या म्हणजे झालं. माझा धाकटा भाऊ महेश तेव्हा कॉलेजात होता. गाडी हलली तसा तो खिडकीबरोबर थोडा चालला, आई मात्र जागची हलली नाही. मी पनवेलपर्यंत रडले.

पानिपतला भात मिळत होता, न मिळायला काय झालं. पण तिकडे भात म्हणजे आजाऱ्याचं खाणं, नाहीतर राजम्याबरोबरचं. शेजारची भाभी "चावल से पेट भरता है क्या?" म्हणत गरम रोट्या घेऊन यायची. मीही शिकले. सकाळी पराठे, दुपारी डब्यात रोट्या, रात्री पुन्हा रोट्या. आमच्याकडे रोह्याला चपाती पाहुणा आला की व्हायची, रोजची ती तांदळाची भाकरी. इथे दोन वर्षांत मी मैत्रिणींबरोबर गच्चीवर धूप खात, सब्जी निवडत, हिंदीत भांडू लागले होते.

पोट मात्र बिघडलं ते बिघडलंच. जेवलं की फुगायचं, आठवड्यातून दोन-तीन दिवस जुलाब. केस हातात येऊ लागले. हिमोग्लोबिन आठाच्या वर जाईना, लोहाच्या गोळ्या खाऊन जीभ तेवढी काळी झाली. डॉक्टर म्हणायचे, टेन्शन मत लो. आणि मे महिन्यात रोह्याला आले की पंधरा दिवसांत मी टुणटुणीत. आई शेजारणींना सांगायची, "तिला म्हायेरचं पानीच मानवतं." मलाही ते पटलं होतं. आवडलं होतं, असं म्हणते. कुणाला घराची आठवण येते, माझं शरीरच घरासाठी आजारी पडतं, याचा मला जरा तोराच होता.

त्या घरात आता वैशाली होती. मी गेल्यावर चार वर्षांनी महेशचं लग्न झालं. वैशाली नाशिककडची, घरी दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. चांगली आहे, हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात ते राहून जाईल. ज्या घरात मी बरी होते ते घर तिला आयतं मिळालं, या एका गोष्टीसाठी मी तिच्यावर पंधरा वर्षं जळले. माझ्या खुंटीवर तिची ओढणी. माझ्या आईच्या औषधांच्या वेळा तिला पाठ. आणि तिच्या चपात्या! ती पोळ्या म्हणते. घडीच्या, मऊ, पदर सुटलेल्या. दात गेल्यापासून आईला भाकरी चावत नव्हती, म्हणून घरात रोज चपात्या होऊ लागल्या आणि गावभर त्यांचं कौतुक. "वैशालीच्या हातासारखी चव नाय कुनाच्या," आई मला फोनवर सांगायची. पानिपतमध्ये रोज वीस रोट्या लाटणाऱ्या लेकीला.

गेल्या वर्षी गणपतीनंतर आई मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं, पेणला ऑपरेशन झालं. मुलगा हॉस्टेलवर होता, नवऱ्याने स्वयंपाकाला बाई लावली, मी रोह्याला येऊन राहिले. थेट फेब्रुवारी संपेपर्यंत. पहिल्याच दिवशी वैशालीने पानात पोळी वाढली आणि दर मेमध्ये म्हणायचे तसंच मी म्हटलं, "मला नको. मी भाकरी खाईन." रात्रीही तेच. मग तो रोजचा नेमच झाला. माझ्या भाकऱ्या मीच थापायचे, तिच्याच ओट्यावर, तिची कणीक बाजूला सरकवून. या घरची मूळ चव कुणाला येते ते दिसू दे, असं काहीतरी मनात होतं. मनात काय, तोंडावरही असणार.

डिसेंबरात आईला तपासायला पेणला, रामवाडीला नेलं, तेव्हा वैशालीने मलाही तिथल्या एका फिजिशियनपुढे बसवलं. डॉक्टर तरुण होते. माझी सगळी कहाणी ऐकून म्हणाले, सीलिॲक असू शकतं. गव्हातल्या ग्लुटेनमुळे काही जणांचं शरीर आपल्याच आतड्यावर उठतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. रक्तात त्याच्या खुणा सापडतात. "गहू खाता ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "रोज. एकोणीस वर्षं." मी पानिपतचं सांगत होते, खोटं नव्हतं ते.

रिपोर्टवर दोन ओळी होत्या. टोटल आयजीए नॉर्मल. म्हणजे शरीर त्या जातीची प्रतिपिंडं बनवू शकतं, दुसऱ्या ओळीवर भरवसा ठेवायला हरकत नाही. दुसरी ओळ टीटीजी आयजीए, सीलिॲकची खूण, खरी ती. मर्यादा वीस, माझा आकडा अकरा. निगेटिव्ह. मी आईच्या खाटेवर बसून म्हटलं, "मला काय झालेलं नाय. मला तुझी आठवण येते, तेवढंच." आईने डोळे पुसले. माझ्या आजाराला इतकं सुंदर नाव आजवर कुणी दिलं नव्हतं.

वैशाली रिपोर्ट घेऊन ओटीवर बसली होती. म्हणाली, "ताई, तुम्ही आल्यापासून इथे गहू खाल्लात कुठे?"

"म्हणजे?"

"सकाळी पोहे नाहीतर घावन. दुपारी भात, रात्री भाकरी. चहाबरोबर बिस्कीटसुद्धा नको म्हणता. साडेतीन महिन्यांत माझ्या हातची एक पोळी तुम्ही खाल्ली नाही. मग रक्तात काय दिसणार?"

"माझ्या पानावर लक्ष ठेवतेस?"

"ठेवते," ती म्हणाली. "रोज एक पोळी जास्तीची करते. तुम्ही आज तरी घ्याल म्हणून. ती रोज उरते."

तिने माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, असं असेल तर या निगेटिव्हला अर्थ नाही. गहू बंद केला की खुणा हळूहळू उतरतात, तपासणी गहू खाणाऱ्याचीच करायची. रोज दोन चपात्या, सहा ते आठ आठवडे, मग परत रक्त. फार त्रास झाला तर लगेच कळवा. मला काय वाटलं ते सांगते. आजाराची भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग. माझ्या हेव्याची गोष्ट या बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होती, आणि ती रोज एक पोळी जास्त करत होती.

पानिपतला परतून रोट्या खाता आल्या असत्या. पण आई अजून वॉकर धरून चालत होती, आणि वैशाली म्हणाली, "इथेच खा. काही झालं तर मी आहे." त्या दुपारी मी तिची पोळी पहिल्यांदा खाल्ली. वर साजूक तूप, बाजूला वालाचं बिरडं. दोन बोटांनी धरली तर आपोआप उलगडली. मला तिच्यात खोट काढायची होती आणि ती निघेना. मी दुसरी मागून घेतली.

तिसऱ्या आठवड्यापासून पोटाने सूड उगवला. मोरीच्या दाराबाहेर वैशाली मीठ-साखरेचं पाणी घेऊन उभी असायची आणि जेवायला बसलं की तीच कडक आवाजात म्हणायची, "ताई, अर्धी राहिलीय." डॉक्टरांना दर आठवड्याला फोन करून विचारायची, अजून किती. आई हबकली होती. "सुनंनं नणंदंला आजारी पाडली म्हणतील गो लोकं." सहा आठवडे कसेबसे काढले. या वेळी आकडा शंभराच्या पुढे होता. पनवेलला दुर्बिणीने आतड्याचे तुकडे काढून तपासले, तिथेही तेच निघालं. डॉक्टरांनी महेशचं आणि आईचंही रक्त घेतलं, हे रक्ताच्या नात्यात असू शकतं म्हणून. दोघं गहू खाणारी, दोघांचं स्वच्छ. खरं सांगू? आईचं स्वच्छ आलं याचा आनंद झाला, पण त्याच्या आधी एक क्षणभर वाईट वाटलं. निदान रक्त तरी आमचं सारखं निघावं, वैशालीला त्यात शिरता येणार नाही, असा हिशेब मी मनात करून बसले होते.

गहू सुटला. पानिपतच्या माझ्या घरात आता वेगळा तवा, वेगळा पोळपाट, तांदळाचं आणि बाजरीचं पीठ. भाभी हळहळते, "बिना रोटी के कैसे जीती हो?" अडीच महिन्यांत हिमोग्लोबिन अकरावर आलं, केस गळायचे थांबले. पानिपतमध्येच. रोह्याला न जाता. तुमच्यातले जे गाव सोडून गेले त्यांना कळेल मी काय गमावलं ते. इतकी वर्षं मी माहेराला औषध समजत होते आणि तिकडे फक्त माझ्या पानात गहू नव्हता. आता रोह्याला जायला शरीराचं निमित्त उरलं नाही. जायचंच असेल तर माणसांसाठी जायचं, आणि त्या माणसांत वैशालीही आली.

या मेमध्ये गेले. वैशालीने मी येणार म्हणून कणकेचा डबा माळ्यावर चढवला होता, ओटा धुऊन काढला होता. दोन दिवस सगळ्यांना भाकरी. तिसऱ्या दिवशी आई भाकरी दुधात कालवत कुरकुरली, "लेक आली का माझी चपाती बंद." मीच वैशालीला डबा काढायला लावला. तिने मागच्या पडवीत शेगडी मांडली आणि मी लांब, दारात बसले. पोळी टम्म फुगली, तुपाचा वास दारापर्यंत आला. महेशने तीन खाल्ल्या, आईने दोन. मी माझी भाकरी खात त्यांच्याकडे बघत होते आणि जळत होते, अगदी पूर्वीसारखी.

आई तोंड पुसत म्हणाली, "वैशालीच्या हातासारखी चव नाय कुनाच्या."

"व्हय," मी म्हटलं. "मला ठाव हाय."