मिस इर्माकडची तिसरी ताटली

आधीच सांगतो, मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये अठरा वर्षं काढली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्यांदा तशीच करून दाखवता आली नाही, तर ती घडलीच नाही असं आम्ही धरून चालतो. नागपूरला असताना कोणी भुताखेताचं काढलं की मी सरळ उठून जायचो. हे लिहितोय ते बायको म्हणाली म्हणून... "मनात ठेवून कुढत बसण्यापेक्षा लिहून तरी टाक." नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं.

आम्ही न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला राहतो. एका रांगेत सहा टाउनहाउसेस. चौथं आमचं आणि भिंतीला भिंत लागून पाचवं मिस इर्माचं. वय नव्वदीच्या पुढे. मूळच्या जर्मनीच्या, विशीत इकडे आल्या, शाळेच्या लायब्ररीत नोकरी केली, लग्न केलं नाही. गल्लीतले लहानथोर सगळे त्यांना मिस इर्माच म्हणतात.

गेल्या मे महिन्यात आई आली, सहा महिन्यांसाठी. इंग्लिशच्या नावाने "थँक्यू" आणि "नो शुगर". आम्ही दोघं दिवसभर लॅपटॉपला चिकटलेले. पंधरा दिवसांत ती कंटाळली. "तुमच्या अमेरिकेत माणसं दिसतच नाहीत बाप्पा, नुसत्या गाड्या!" मग एक दिवस अंगणात पाण्याचा पाइप ओढताना मिस इर्मा तिला दिसल्या. ही मदतीला गेली आणि तासाभराने त्यांच्याकडे चहा पिऊन परत आली. तेव्हापासून रोज दुपारी चारला आई ट्रे घेऊन शेजारी जायला लागली. कधी आलूपोहे, कधी कोथिंबीर भरलेली पुडाची वडी. आई मराठीत बोलायची, त्या इंग्लिशमध्ये आणि मधूनच जर्मनमध्ये. एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि दोघी खूश होत्या.

जुलैत आईचा गुडघा सुजला. त्या दिवशी मी घरून काम करत होतो, म्हणून ट्रे माझ्या हातात आला. त्यात तीन ताटल्या. मला वाटलं एक माझी.

मिस इर्मांनी दार उघडलं, ट्रेकडे बघितलं आणि दारालगतच्या लाकडी खुर्चीकडे बोट दाखवलं. खुर्चीसमोर एक छोटं टेबल होतं. "देवाची ताटली तिथे ठेव," त्या म्हणाल्या. (त्या इंग्लिशच बोलतात, मी इथे मराठीत लिहितोय.)

"कुठल्या देवाची?"

"तुझी आई रोज एक ताटली त्या खुर्चीपुढे ठेवते. तुमच्यात देवासाठी, पूर्वजांसाठी काढून ठेवतात ना? मी वाचलंय. मी हात लावत नाही. ती गेली की पक्ष्यांना घालते."

नैवेद्य आई आमच्या घरी दाखवते, शेजाऱ्यांकडे जाऊन कशाला दाखवेल? घरी येऊन विचारलं, "आई, तिसरी ताटली कोणाची?"

"त्यांच्या मिस्टरांची. अजून कोणाची?"

मला हसूच आलं. "अगं, त्यांचं लग्नच झालेलं नाही. एकट्या राहतात त्या."

"मग भाऊ असतील. रोज तर बसलेले असतात दाराजवळ."

आता हे दोन महिने कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. आमच्या आईला ओळखत असता तर विचारलं नसतं. दुसऱ्याच्या घरच्या पुरुषमाणसाकडे टक लावून बघायचं नाही, आपणहून बोलायचं नाही, पण त्यांना वगळून खायचंही नाही. नजर खाली ठेवून ताटली पुढे सरकवायची, झालं. आणि मिस इर्मा इतक्या सभ्य, की पाहुणीच्या धर्माबद्दल प्रश्न कसा विचारायचा म्हणून गप्प. दोघींच्या मर्यादेने दोन महिने निघाले.

खरं सांगू? मला भुताबिताचं काही वाटलं नाही, मला भीती वाटली ती वेगळीच. आई चौऱ्याहत्तरची आहे. मी तिला आजची तारीख विचारली, नातवंडांची नावं विचारली. ती भडकली. "मला वेड लागलं नाही. डोळ्यांचं ऑपरेशन तूच करून आणलंस ना? स्वच्छ दिसतं मला."

"बरं, कसे आहेत ते?"

"बारीक. पन्नाशीचे. मांडीवर हॅट घेऊन बसतात, कोणी बोलवायची वाट बघत असल्यासारखे. आणि एवढ्या उन्हाळ्यात अंगावर लांब कोट, खाली मात्र पायजमा! मला वाटलं, आजारी असतील बिचारे. ताटली ठेवली की टेबलावर बोटाने वाजवतात. थँक्यू म्हणत असतील." तिने ओट्यावर वाजवून दाखवलं. तीन ठोके पटपट आणि चौथा जरा थांबून, जोरात.

दुसऱ्या दिवशी मी एक गाढवपणा केला. मिस इर्मांना हसवायला म्हणून हा सगळा किस्सा रंगवून सांगितला... आईने तुमचं लग्न लावून दिलंय, नवरा पायजम्यावर कोट घालतो वगैरे. पायजमा ऐकला तेव्हाच त्यांचं हसू गेलं होतं. माझं लक्ष नव्हतं. मी टेबलावर ठोके वाजवले.

"परत," त्या म्हणाल्या.

मी परत वाजवले. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग बोलायला लागल्या.

त्या सात वर्षांच्या होत्या. नाझींचं राज्य, युद्ध सुरू झालेलं. त्यांच्या घराखाली हेर लोरेन्झ नावाचे गृहस्थ राहायचे (जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे श्रीयुत). छापखान्यात कामाला, बायको वारलेली. त्यांच्या पक्षावर सरकारने आधीच बंदी घातली होती, म्हणून ते कोणाशी फार बोलत नसत. छोट्या इर्माला मात्र उरल्यासुरल्या कागदाच्या वह्या शिवून द्यायचे. परदेशी रेडिओ ऐकणं तेव्हा मोठा गुन्हा होता. लंडनच्या बातम्यांआधी ढोलाचे चार ठोके वाजत. एक दिवस वर्गात बाईंनी गोड आवाजात विचारलं, असे ठोके कोणी कुठे ऐकलेत का?

"मी हात वर केला," मिस इर्मा म्हणाल्या. "बाकावर वाजवून दाखवलं. कुठे ऐकलं तेही सांगितलं. बाईंनी मला उचलून पहिल्या बाकावर बसवलं. मला इतका आनंद झाला होता... घरी पळत गेले मी."

चौथ्या दिवशी सकाळी माणसं आली. इर्मा जिन्यात उभी होती. हेर लोरेन्झना कपडेही बदलू दिले नाहीत. पायजम्यावर ओव्हरकोट चढवायला लावला आणि घराची झडती होईपर्यंत दाराजवळच्या खुर्चीत बसवून ठेवलं. मांडीवर हॅट. मग घेऊन गेले. ते परत आले नाहीत.

"तुम्ही सात वर्षांच्या होतात!" माझ्या तोंडून निघालं.

"रोज सकाळी मी स्वतःला तेच सांगते," त्या म्हणाल्या. "आतापर्यंत कोणालाही बोलले नाही. पाद्र्यालाही नाही."

ते राज्य म्हटलं की मला गणवेश आणि मोर्चे आठवायचे. त्यात शाळेतली एक शाबासकीही असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. माझी मुलगी वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करते म्हणून मी लोकांना कौतुकाने सांगतो. त्या दिवशी घरी आल्यावर तिच्याकडे बघवेना.

मिस इर्मांनी एकच मागितलं. "तुझ्या आईला घेऊन ये. मला हेर लोरेन्झशी बोलायचंय. ते मला दिसत नाहीत, तिने नुसतं बघावं."

आई आधी तयार होईना. मी तिला सगळं सांगितलं तेव्हा पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "चल."

दुपारचे चार वाजले होते, खिडकीतून भरपूर ऊन. मला खुर्ची रिकामीच दिसत होती. आई रोजच्यासारखी समोरच्या सोफ्यावर बसली, मान खाली. मिस इर्मा आपल्या खुर्चीत ताठ बसल्या आणि जर्मनमध्ये बोलायला लागल्या. मला फक्त "हेर लोरेन्झ" कळलं, तेही दोनदा. पाचेक मिनिटं बोलल्या असतील.

मध्येच आई उठून उभी राहिली. तिची नजर हळूहळू दाराकडे गेली आणि तिथेच थांबली.

"काय झालं?" मी कुजबुजलो.

"गेले," आई म्हणाली. "हॅट घातली आणि निघाले. वळूनसुद्धा बघितलं नाही रे त्यांनी."

मिस इर्मा माझ्याकडे बघत होत्या. नव्वदीची बाई, ओठ घट्ट मिटलेले. मला ते सांगवेना. मी म्हणालो, "ते तुमच्याजवळ आले. शेजारी बसलेत. शांत दिसताहेत, असं आई म्हणते."

त्यांनी आईकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तू भला माणूस आहेस. पण तुझी आई उभी राहिली. कोणी निघालं की उभं राहतात. खरं सांग."

मग खरं सांगितलं. माझी मान वर होत नव्हती.

"वळून बघितलं नाही?"

"नाही."

"बरं केलं," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं. "मी धरून बसले होते की मला माफ करायला म्हणून ते कुठेतरी थांबले असतील. माझ्या घरात त्यांनी का बसून राहायचं?"

आईला यातला एक शब्द कळला नाही. ती उठून जवळ गेली, त्यांच्या खुर्चीच्या हातावर कशीबशी टेकली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी दोघींना तसंच सोडून बाहेर आलो.

मी माझ्या परीने सगळं तपासून बघितलं. ते ठोके इंटरनेटवर सापडतात, मान्य. पण आईचा फोन मराठी मालिकांच्या पलीकडे जात नाही. पायजमा, कोट, हॅट, दाराजवळची खुर्ची... मिस इर्मांकडे त्या माणसाचा फोटो नाही, कागद नाही, काही नाही. कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, मला ते ऐकायला आवडेल.

आई नोव्हेंबरमध्ये नागपूरला परतली. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर न राहवून मी तो विषय काढला. म्हटलं, "एकदा तरी वळून बघायला हवं होतं गं त्यांनी. सात वर्षांची पोर होती ती."

आई भाजी निवडत होती. हात थांबला तिचा.

"होती रे," ती म्हणाली. "पण त्यांना घरी जायचं होतं."