डस्टर कुणाच्या हातात

आठवीच्या वर्गात त्यांना डस्टरबाई म्हणत. इतिहास, नागरिकशास्त्र आणि नेतृत्व यांचा मिळून एक तास त्या नऊ वर्षं घेत होत्या. नियम एकच: लाकडी डस्टर ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी, बाईंसकट, ऐकायचं. घरी सासूबाई टोमणा मारत, "आमच्या वाटचं डस्टर कुठे ठेवलंयस गं? मलाही बोलायचंय."

शुक्रवारी तपासनीस मागच्या बाकावर येऊन बसले. शेजारी मुख्याध्यापक. हा तास ठेवायचा की गणिताला द्यायचा, ते आज ठरणार होतं.

बाईंनी धडा काढला: फिर्याद न ऐकता शिक्षा देणारा राजा. पण वर्गाची त्या आठवड्याची सभापती, उंच म्हणून लंबू, डस्टर घेऊन उभी राहिली.

"धड्याआधी एक तक्रार आहे. बाईंविरुद्ध."

कशाबद्दल, ते बाईंना लगेच कळलं. मंगळवारी चिमणी नावाची बारकी मुलगी विचारत होती, ग्रंथालयाला कुलूप का? तेव्हा मुख्याध्यापक दारावरून चालले होते. बाईंनी तिच्या हातातलं डस्टर काढून घेतलं होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी डोळ्यांनीच खुणावलं: आज नको.

"बाई, खुणा नकोत. कारभार उघड्यावर, तुम्हीच सांगता."

"ए, खाली बस!" मुख्याध्यापक ओरडले. "पाहुणे आलेत, दिसत नाही?"

"सर, डस्टर तुमच्याकडे नाही." लंबूनं हातातलं डस्टर वर करून दाखवलं.

बाईंनी हात वर केला.

"तुमचा नंबर तिसरा," लंबू म्हणाली.

दोन मुलं बोलून होईपर्यंत बाई हात वर करून उभ्या होत्या. घाम कोपरापर्यंत ओघळला. मग डस्टर आलं.

"मी घाबरले. तास जाईल म्हणून."

"आणि आज?" चिमणीनं विचारलं.

"आजही." त्यांनी डस्टर तिच्यापुढे धरलं. "तुझं वाक्य अर्धं राहिलंय."

चिमणी मागच्या बाकाकडे वळली. तिनं तोच प्रश्न विचारला आणि डस्टर मुख्याध्यापकांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. तपासनीस वहीत काहीतरी लिहीत होते.

सोमवारी नवं वेळापत्रक लागलं. तास गणिताकडे गेला होता. ग्रंथालयाचं कुलूप मात्र निघालं होतं. मधल्या सुट्टीत तिथल्या टेबलाभोवती आठवीचा वर्ग डस्टर घेऊन बसला. बाई कोपऱ्यात, हात वर करून.

गणिताच्या सरांनी फळा रुमालानं पुसला.