डब्यातल्या फायबरने दाखवलेले सदतीस अंश

हसायचं तर आधीच हसून घ्या. भूतखेत, अंगारे-धुपारे... माझा कशावर म्हणून विश्वास नव्हता. मी सांगलीची, इंजिनिअर, आणि जे मोजता येत नाही ते थापा, असं तोंडावर सांगणारी.

म्हैसूरबाहेर वरुणाच्या रस्त्यावर आमचा गॅस टर्बाइन तपासायचा टेस्ट सेल आहे. टर्बाइनच्या एक्झॉस्ट डक्टमध्ये — जळता वायू बाहेर नेणारा, माणूस रांगत जाईल एवढा मोठा नळ — आम्ही केसाएवढी काचेची फायबर बसवतो. तिच्यातून प्रकाश सोडायचा. परतणाऱ्या प्रकाशावरून पाच ठिकाणचं तापमान पडद्यावर दिसतं.

दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या, म्हणजे यंत्रांना हार घालून पुजण्याच्या, सुट्टीनंतरची पहिली सकाळ. कंट्रोल पॅनलवर झेंडूचा जाडजूड हार तसाच. आमचा नियम असा, की डक्टमध्ये शिरणाऱ्याने पॅनलवर आपला लाल टॅग लावायचा. टॅग दिसला नाही. टेक्निशियन विठ्ठलअण्णा — म्हैसूरच्याच जुन्या मराठी रंगाऱ्यांच्या घरातले — चहाला गेले असतील, असं मी धरून चालले. फायबर त्यांनी पूजेआधीच बसवली असेल, हेही.

स्टार्टवर बोट ठेवलं आणि पडद्याकडे पाहिलं. चार बिंदू पंचवीस अंशांवर. तिसरा — सदतीस.

"झालं! बोंबलला सेन्सर," मी करवादले. टर्बाइन सुट्टीभर बंद, थंडगार... तेवढ्यात तिसरा उतरला आणि चौथा चढला. पुन्हा सदतीसच. आत काय कोंबडी फिरतेय?

मनात म्हटलं आणि सर्रकन काटा आला. सदतीस म्हणजे जिवंत अंग!

धावत जाऊन डक्टची झडप उघडली. "कोण आहे आत?"

"अय्यो, मीच की!" अण्णा रांगत बाहेर आले. "टॅग लावलाय न्हवं, ताई?"

लावला होता. हाराखाली.

मी तिथेच बसून ढसाढसा रडले. "सेन्सरने वाचवलं हो तुम्हाला!"

अण्णांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "कुठला सेन्सर? मी आत जागा साफ करत होतो. फायबर लावायचीय अजून."

फायबर माझ्याच टेबलावर, डब्यात होती. दोन्ही टोकांना कॅप. मोजणाऱ्या यंत्राला काहीही जोडलेलं नव्हतं.

आमचे साहेब म्हणाले, जुना डेटा असेल. अहो, जुना डेटा चालत्या टर्बाइनचा; तो असता तर पाचही बिंदू भाजलेले दिसले असते ना! सगळं उलटंपालटं करून तपासलं... उत्तर नाही. अण्णांना विचारलं तर म्हणतात, "गोत्तिल्ल, ताई. मला तरी काय ठाऊक? स्वल्प पुण्य शिल्लक होतं."

पॅनलवर आता हार घालत नाहीत. मी मात्र स्टार्ट दाबण्याआधी दर वेळी झडपेत डोकं घालून अण्णांना हाक मारते... ते माझ्या शेजारी उभे असले तरी.