नवी रेघ

ओहोटी लागली की खाडीचं गढूळ पाणी समुद्राच्या निळ्या पाण्याला मिळतं आणि मध्ये एक रेघ उमटते. त्या रेघेवर बोय मासा जमतो आणि त्याला खायला डॉल्फिन येतात. आमच्या पडवीतून अगदी समोर दिसायचे.

रिसॉर्टवाल्या शेठला ते गढूळ पाणी घाण वाटलं. त्याने खाडीच्या तोंडाशी दगडांचा बांध घातला. शेजारच्या सुगंधावहिनी जिथे तिसऱ्यांचे शिंपले काढायच्या ती जागा भरावाखाली गेली. वर पाटी लागली, ‘डॉल्फिन पॉइंट’.

आज सकाळी त्याच्या बोटी तिथे नितळ पाण्यावर डुलत होत्या आणि पर्यटक मोबाईल धरून ताटकळले होते. खाडीचं पाणी बांधाला वळसा घालून खडकापलीकडे गेलंय. रेघ आता तिकडे उमटते; बोयही तिकडेच, डॉल्फिनही. सगळ्या गावाला हे ठाऊक आहे, त्याला मात्र कोणी सांगितलेलं नाही.

मला पाण्याचा हेवा वाटतो. ते भांडत नाही, विनवण्या करत नाही, नुसतं तोंड फिरवतं. मला अजून इतकं शांतपणे जमत नाही, पण मी शिकतेय.

दुपारी शेठ आमच्या पडवीत आला. “वहिनी, डॉल्फिन गेले कुठे?”

माझ्यासोबत कोळंबी सोलत बसलेल्या सुगंधावहिनींनी मान वर केली नाही. “पाणी एवढं स्वच्छ केलंत, तुम्हालाच दिसायला हवेत.”

मी त्याला समुद्राकडे पाठ करून बसवलं आणि चहा दिला. त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या रेघेवर एक करडी पाठ वर आली आणि बुडाली.

“साखर पुरेशी आहे ना?” मी विचारलं.